दख्खनचे बाजदार आणि त्यांची बोली

अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) निजामशाही घराण्याच्या नावाला ‘बहिरी’ ही जोड होती. बहिरी म्हणजे शिकारी ससाणा. या घराण्याचे मूळ गाव पाथरी, जिंतूरहून नैर्ऋत्येला, आपल्याच परभणी जिल्ह्यात. पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरातला एक मुलगा कैदी होऊन बहमनी दरबारात गेला, सुलतानाच्या शिकारी पक्ष्यांचा प्रमुख झाला, पुढे सगळ्या राज्याचा कारभार त्याच्या हाती आला आणि त्याच्या मुलाने स्वतंत्र गादी स्थापली. ही हकिकत राजकारणाच्या अंगाने पुष्कळदा सांगितली गेली आहे. इथे ती बाजदारीच्या अंगाने सांगायची आहे. या धंद्याने मराठीला, उर्दूला आणि थेट प्राणिशास्त्राच्या लॅटिनलाही शब्द दिले; पण ते शब्द रोजच्या कामात घडवणारी माणसे मात्र इतिहासाच्या पानांवर जवळजवळ निनावीच राहिली. तो हिशेब थोडा तरी पुरा व्हावा असे मला मनापासून वाटते.

हातावर पक्षी घेऊन शिकार करण्याची रीत आपल्याकडे सुलतानांनीच आणली, असा एक समज आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ तो खोटा ठरवतो. ११२९ च्या सुमारास रचलेल्या या संस्कृत ग्रंथाचे शंभर अध्याय आहेत आणि राजाच्या स्वयंपाकघरापासून हत्तींच्या औषधपाण्यापर्यंत सारे काही त्यात आहे. करमणुकीच्या भागात मल्लविनोद, कुक्कुटविनोद, मत्स्यविनोद यांच्या पंगतीला ‘श्येनविनोद’ बसला आहे. श्येन म्हणजे ससाण्यासारखा शिकारी पक्षी. त्याला कसे धरावे, कसे माणसाळवावे, कसे सोडावे हे राजाने स्वतः लिहावे इतका तो खेळ दरबारी जीवनात मुरलेला होता. मराठवाड्याचा मोठा मुलूख तेव्हा कल्याणीच्या सत्तेत होता.

पण त्याच मातीत शिकारीची दुसरी बाजूही तितकीच खोल रुजलेली होती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकडीवर जैन लेणी आहेत. ज्यांच्या नावाची ही टेकडी, ते नेमिनाथ लग्नाच्या जेवणावळीसाठी कोंडलेली जनावरे पाहून मांडवाच्या दारातून परत फिरले, अशी कथा आहे. ससाण्याच्या तावडीतून कबुतर सोडवण्यासाठी आपले मांस तागडीत टाकणारा शिबी राजा आपण लहानपणी ऐकतो. जैन परंपरेत तीच कथा मेघरथ राजाची, म्हणजे शांतिनाथ तीर्थंकरांच्या पूर्वजन्माची. शिकारी पक्ष्याची भूल आणि त्याच्या भक्ष्याबद्दलची कणव, दोन्ही इथे शेजारी शेजारी नांदत आल्या.

सुलतानांबरोबर आली ती नवी परिभाषा आणि तिच्यासोबत शिकारखान्याचा बांधीव कारभार. दिल्लीहून दख्खनमध्ये उतरलेल्या आणि पुढे १३४७ पासून बहमनी राज्यात स्थिरावलेल्या अमीर-उमरावांची बाजदारीची बोली फारसी-तुर्की होती. बाज, शाहीन, बाशा, शिकरा हे फारसी, तुरुमती तुर्की. बहरी हा ‘बह्र’ म्हणजे समुद्र या अरबी शब्दावरून आला. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा हा मोठा ससाणा किनाऱ्यावर, पाणपक्ष्यांच्या थव्यांमागे सापडे. मराठीच्या तोंडी बहरीचा बहिरी झाला आणि शाळकरी मुलांना हा पक्षी ऐकू न येणारा वाटू लागला. कानांशी त्याचा काही संबंध नाही. ‘ससाणा’ मात्र जुना देशी शब्द. तो संस्कृतातल्या ‘शशादन’, म्हणजे ससा खाणारा, या नावाशी जोडतात.

या बोलीचा नेमकेपणा बघण्यासारखा आहे. सर्वसाधारण माणसाला घार, ससाणा, गरुड एवढे पुरते. बाजदाराला ते पुरत नसे, कारण त्याचे पोट पक्षी ओळखण्यावर चालत होते. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा ठळकपणे मोठी आणि ताकदवान असते. मोठी शिकार तिच्याच आवाक्यातली, त्यामुळे किंमतही तिलाच जास्त. म्हणून जातीचे मुख्य नाव मादीला आणि नराला वेगळे नाव. बाज ही मादी, तिचा नर जुर्रा. शाहीनचा नर कोहेला. बाशाचा बाशीन, बेसऱ्याचा धोती, शिकऱ्याचा चिप्पक, लग्गडचा झग्गड, तुरुमतीचा चेटवा, चरगचा चरगेला. बाजारात ‘शिकरा द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती कुणी चिप्पक ठेवला, तर तो फसवला गेला असे समजावे. युरोपातल्या बाजदारांनीही नरासाठी निराळे शब्द ठेवले होते. कारण दोन्हीकडे एकच होते.

दुसरी विभागणी डोळ्यांवरून केलेली. काळ्याभोर डोळ्यांचे ते सियाहचश्म: बहिरी, शाहीन, लग्गड, चरग, तुरुमती. पिवळ्या किंवा लालसर डोळ्यांचे ते गुलाबचश्म: बाज, बाशा, बेसरा, शिकरा. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याच्या ‘श्यैनिकशास्त्र’ या संस्कृत ग्रंथातही हीच डोळ्यांची वाटणी सापडते, आणि फारसी पक्षिनावे तिथे संस्कृत विभक्त्या लावून श्लोकांत बसलेली दिसतात. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्रींनी हा ग्रंथ १९१० मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केला. डोळ्यांच्या रंगावरून केलेली वाटणी वरवरची वाटेल, पण ती तशी नव्हती. काळ्या डोळ्यांचे पक्षी लांब, टोकदार पंखांचे. ते उघड्या आभाळात उंच चढून सूर मारतात. पिवळ्या डोळ्यांचे आखूड, गोल पंखांचे आणि लांब शेपटीचे. ते झाडाझुडपांतून कमी अंतराचा झपाटा मारतात. २००८ नंतर पक्ष्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास पुढे आला, तेव्हा ससाण्यांचे कूळ बाज-शिकऱ्यांपासून इतके दूर निघाले की त्यांचे जवळचे नातेवाईक पोपट ठरले. शास्त्रज्ञांनी जी रेघ इतक्या उशिरा ठामपणे आखली, ती बाजदारांनी पक्ष्याच्या डोळ्यांत बघून कित्येक शतके आधीच आखली होती. या एका गोष्टीसाठी तरी त्यांना पक्षिशास्त्रज्ञ म्हणायला हरकत नसावी.

आता पाथरीच्या मुलाकडे वळू. त्याची हकिकत सांगतो तो फरिश्ता. हा इतिहासकार तरुणपणी अहमदनगरच्या दरबारात होता, पुढे विजापूरला गेला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने आपला इतिहास लिहिला. निजामशाही घराण्यात जे ऐकायला मिळे, ते त्याने जवळून ऐकलेले होते. तो सांगतो की मुलाचे मूळ नाव तिमाभट, बापाचे नाव भैरव. घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे, पण काही कारणाने गाव सोडून विजयनगरच्या मुलखात गेलेले. अहमदशहा बहमनीच्या (राज्यकाळ १४२२ ते १४३६) स्वारीत हा मुलगा हाती लागला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने राजवाड्यात वाढला. हुशारी बघून त्याला शाहजाद्याबरोबर शिकायला बसवले. बापाच्या नावावरून त्याला हसन भैरव म्हणत. शाहजाद्याच्या तोंडी त्याचे ‘बहरी’ झाले. मराठी माणसाला यात नवल वाटू नये, आपण स्वतःच भैरवाचा बहिरोबा केला आहे. पुढे शाहजादा सुलतान झाला आणि त्याने हसनला एक हजाराची सरदारी देऊन आपल्या शिकारी पक्ष्यांचा प्रमुख नेमले. नाव आणि हुद्दा असे एकमेकांत मिसळले की बहिरी हे टोपणनाव की पदवी, हे सांगणे त्याच्या हयातीतच अवघड झाले असावे.

या हुद्द्याला तुर्की नाव कुशबेगी. ऐकायला ते पोपटखान्याच्या कारभाऱ्यासारखे वाटेल, पण दरबारी राजकारणात त्याचे वजन मोठे होते. दरबारात सुलतानापुढे उभे राहायला पायऱ्या होत्या: वजीर, अमीर, त्यांच्या मागे बाकीचे. शिकारीला निघाले की त्या पायऱ्या गळत. पहाटे घोड्यावर, मोजक्या माणसांत, सुलतानाच्या मनगटावर पक्षी ठेवणारा आणि तिथून उचलणारा माणूस त्याच्या अगदी निकट असे. कुठल्या सरदाराला बरोबर घ्यायचे, परतीच्या वाटेवर कुणाची तक्रार कानावर घालायची, हे त्याला साधता येई. मलिक हसनचा उदय नुसत्या पक्ष्यांमुळे झाला असे कुणी म्हणणार नाही. त्याने तेलंगणच्या मोहिमांत तलवार गाजवली आणि निजाम-उल-मुल्क हा किताब मिळवला. तरी सुलतानाचा विश्वास त्याने माळावर मिळवला, हे मला पटते.

पुढचा भाग काळा आहे. बहमनी दरबारात दख्खनी आणि परदेशी अशा दोन फळ्या होत्या. मलिक हसन दख्खनींचा म्होरक्या, तर राज्याचा थोर वजीर महमूद गावान इराणहून आलेला. गावानच्या शिक्क्याचा वापर करून खोटे पत्र तयार झाले आणि ५ एप्रिल १४८१ रोजी तिसऱ्या मुहम्मदशहाने त्या वृद्ध वजिराचे डोके उडवले. कटामागे मलिक हसन होता. गावानच्या जागी तो राज्याचा कारभारी झाला, पण पाचच वर्षांनी, १४८६ मध्ये, बीदरच्या किल्ल्यात त्याचाही खून झाला. जुन्नरला असलेला त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव करून स्वतंत्र गादी मांडली आणि १४९४ मध्ये अहमदनगर वसवायला घेतले. अहमद निजामशहा बहिरी हे त्याचे नाव. शिकारखान्यातला शब्द असा राजघराण्याच्या नावात कायमचा शिरला.

पाथरी त्यांच्या मनातून गेली नव्हती. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याने वऱ्हाडच्या इमादशहाला निरोप धाडला: पाथरी हे आमच्या पूर्वजांचे गाव, ते आम्हाला द्या, बदल्यात याहून जास्त उत्पन्नाचा दुसरा परगणा घ्या. इमादशहाने नकार देऊन पाथरीला गढी बांधायला घेतली. १५१८ मध्ये बुऱ्हाणच्या फौजेने अचानक चाल करून पाथरी घेतली. ती पुन्हा गेली, १५२७ मध्ये पुन्हा आली. फरिश्ता म्हणतो की बुऱ्हाणने पाथरी आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली. धर्म बदलून दोन पिढ्या उलटल्यावरही एका सुलतानाने आपल्या कुलकर्णी नातेवाइकांसाठी दोनदा लढाई करावी, ही मराठवाड्याच्या इतिहासातली एक विलक्षण गोष्ट आहे.

बाजदारीचा थाट त्या काळात सगळ्याच दख्खनी दरबारांत होता. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचे घोड्यावर बसून हातावर ससाणा घेतलेले चित्र आज सेंट पीटर्सबर्गला आहे. ते फर्रुख बेग या चित्रकाराचे मानले जाते आणि साधारण १५९० नंतरचे आहे. १५९६ च्या तहाने वऱ्हाड मोगलांकडे गेले आणि ‘आईन-इ-अकबरी’त पाथरी वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून नोंदली गेली. त्याच आईनमध्ये शिकारी पक्ष्यांचे भावही आहेत. उत्तम बाजाची किंमत मोहरांत, तर शिकरा, लग्गड, तुरुमती रुपया-दीड रुपयाच्या घरात. घरी पिसे झडून नवी आलेला पक्षी वेगळ्या भावाचा, पिल्लू वेगळ्या. या पिसे झडण्याला कुरीज म्हणत. बाज महाग असण्याचे कारण साधे आहे: तो हिमालयाचा आणि त्यापलीकडचा पक्षी, दख्खनमध्ये तो सापडतच नाही. काश्मीर-काबूलकडून त्याला सांभाळत आणावे लागे. आपल्या माळावरचे पक्षी म्हणजे शिकरा, लग्गड आणि तुरुमती, डोंगरकड्यांत शाहीन. श्रीमंतांचे शब्द उत्तरेकडून आले, पण हाताशी असलेल्या पक्ष्यांवर हात बसला तो इथल्या गरीब बाजदारांचा.

१७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग बादशहा बहादूरशहाबरोबर दक्षिणेत आले आणि नांदेडला गोदावरीकाठी थांबले. त्यांचा शेवट तिथेच झाला. शीख परंपरा त्यांना बाजांवाले म्हणते, त्यांच्या चित्रांत मनगटावर पांढरा बाज असतोच, आणि नांदेडचा शिकारघाट गुरुद्वारा त्यांच्या शिकारीची आठवण सांगतो. पंजाबने बाजाला आपला राज्यपक्षी केले आहे. जिंतूरकर नांदेडला जातात तेव्हा बाजाचे सर्वांत सन्मानाचे चित्र त्यांना तिथे दिसते.

मराठ्यांच्या राज्यकारभारात अठरा कारखाने सांगितले जातात, त्यांत शिकारखाना आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला, तो कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. दफ्तरांतून पुष्कळ शब्द मागे सरले. बाजदारांचे शब्द मात्र हलले नाहीत. माळावरचा माणूस बाजाला बाजच म्हणत राहिला. पुढे सवाई माधवरावांच्या काळात पुण्यात पर्वतीजवळ पेशव्यांचा शिकारखाना होता, पण त्याची कीर्ती वाघ, गेंडा अशा बाळगलेल्या जनावरांची होती.

बाजदारांची बोली आपल्यापर्यंत पोहोचली ती एका इंग्रज फौजेच्या डॉक्टरामुळे. थॉमस जर्डन १८३६ मध्ये मद्रासला उतरला आणि घोडदळाच्या पलटणीबरोबर काही वर्षे जालन्याच्या छावणीत राहिला. जालना जिंतूरच्या पश्चिमेला, मंठ्याच्या वाटेने एका दिवसाच्या घोडदौडीवर. तेव्हा हा सारा मुलूख हैदराबादच्या निजामाचा होता. छावणीभोवती मैलोन्मैल गवताळ माळ, त्यात माळढोक, तणमोर, तित्तिर, पखुर्डी. जर्डनने दक्षिण हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची यादी १८३९ पासून मद्रासच्या नियतकालिकात छापली आणि १८६२ ते १८६४ या काळात ‘बर्ड्स ऑफ इंडिया’चे खंड काढले. त्याची एक सवय फार मोलाची होती. प्रत्येक पक्ष्याखाली तो स्थानिक नावे देतो: हिंदुस्थानी, तेलुगू, तमिळ, फासेपारध्यांसारख्या भटक्या जमातींचीही. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत मादीचे नाव कोणते आणि नराचे कोणते, हेही तो नोंदवतो. वर दिलेल्या जोड्यांपैकी बहुतेक त्याच्यामुळे वाचल्या.

पक्षी धरण्याची रीतही त्याने लिहून ठेवली. ससाण्याच्या पसरलेल्या पंखांइतक्या लांबीची वेताची एक पातळ काडी घ्यायची. तिला ईरवान म्हणत. दोन्ही टोकांना काही बोटे चिकट चीक फासायचा आणि मधोमध जिवंत होला बांधायचा. होल्याच्या पापण्या शिवलेल्या असत, म्हणजे त्याने दिशा न शोधता सरळ वर चढावे. आभाळात शाहीन दिसला की होला सोडायचा. शाहीन सूर मारून त्याला पकडतो, उचलून न्यायला पंख मारतो, आणि पंखांची टोके काडीच्या चिकात अडकून होल्यासकट खाली येतो. या युक्तीत पक्ष्याच्या उड्डाणाची अचूक जाण आहे आणि अंगावर काटा आणणारा निर्दयपणाही. शिवलेल्या पापण्यांचा तो होला डोळ्यांसमोरून हटत नाही.

पकडलेल्या ससाण्याला माणसाळवण्याचे काम रात्रंदिवसाचे. पायांत चामड्याच्या वाद्या आणि घुंगरू, डोक्यावर टोपी. हातावर घेऊन त्याला वर्दळीतून फिरवायचे, म्हणजे माणसे, कुत्री, गाड्या यांचे भय जाते. मांस फक्त हातावरच द्यायचे. मग दोरीवर बोलवायचे, अंतर वाढवत न्यायचे, आणि एके दिवशी दोरी सोडायची. भूक हीच खरी दोरी. पोट भरलेला पक्षी परत येत नाही, फार उपाशी ठेवलेला उडू शकत नाही. त्या दोहोंमधला काटा बाजदार छातीचे हाड बोटांनी चाचपून ओळखे.

शिकरा लवकर शिकतो, म्हणून तो सर्वांत जास्त पाळला जाई. त्याला मुठीत धरून भाल्यासारखा फेकत. लावा, तित्तिर, साळुंकी, कावळा यांवर तो जाई. तुरुमतीला नीलपंखामागे सोडत. नीलपंख कोलांट्या मारत, ओरडत निसटू बघे आणि ती पाठलाग सोडत नसे. पण जर्डनच्या लेखी इथल्या बाजदारांचा राजा शाहीन होता, बहिरीपेक्षाही वरचढ. त्याला हातावरून भक्ष्यावर सोडत नसत. तो माणसांच्या डोक्यावर उंच घिरट्या घालत थांबे. खाली माणसे गवत तुडवत चालत. तणमोर किंवा तित्तिर उठला की शाहीन दोन-तीन जोराचे फटकारे मारून त्या रोखाने वळे आणि पंख अर्धे मिटून तिरपा खाली येई. हे वर्णन करताना एरवी मोजके लिहिणारा जर्डन हरखून गेलेला दिसतो.

याच काळात बाजदारांचे शब्द लॅटिनमध्ये शिरले. जर्डनने १८३९ मध्ये शाहीनचे शास्त्रीय नाव ‘फाल्को शाहीन’ ठेवले. सुंडेवाल या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याला दोनच वर्षे आधी दुसरे नाव दिलेले असल्यामुळे ते नियमाने मागे पडले, पण ‘शाहीन’ जगभर चालू राहिले. बेसऱ्याचे ‘बेसरा’ हे नावही जर्डनने त्याच यादीत घातले. त्याआधी १८३४ मध्ये ग्रे या शास्त्रज्ञाने दोन ससाण्यांना फाल्को जुगर आणि फाल्को चेरुग ही नावे दिली होती. चेरुग म्हणजे चरग. जुगर म्हणजे झग्गड, लग्गडचा नर. जो शब्द बाजदार फक्त नरासाठी वापरत, तो साऱ्या जातीचा झाला आणि इंग्रजीत मादीचे ‘लग्गड’ रूढ झाले. तुरुमतीचा घोटाळा याहून मोठा. १८०० मध्ये फ्रान्समध्ये डोदाँ या शास्त्रज्ञाने तिचे बारसे केले ते ‘चिकेरा’, म्हणजे शिकरा या नावाने! काळ्या डोळ्यांच्या पक्ष्याला पिवळ्या डोळ्यांच्या पक्ष्याचे नाव. दख्खनमधल्या कुठल्याही बाजदाराने ही चूक उभ्या उभ्या सुधारली असती. त्याला कुणी विचारले नाही. या सगळ्या नावांपुढे डोदाँ, ग्रे, जर्डन ही आडनावे आजही लागतात. ज्यांच्या तोंडून शब्द घेतले, त्यांचे एकही नाव लागत नाही.

मग हा धंदा का संपला? पहिले कारण बंदूक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या आणि आठवड्यांच्या मेहनतीने शिकवलेल्या पक्ष्याचे काम एका छऱ्यात होऊ लागले. साहेबाला बंदूक हवी होती, आणि साहेबाबरोबर शिकारीला जाणाऱ्या जहागीरदारालाही तीच. दुसरे कारण आश्रयाचे. पक्षी, घोडे, कुत्री आणि माणसे पोसणे हा राजे-जहागीरदारांचा खर्च होता. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी हैदराबाद राज्यातल्या जहागिऱ्या कायद्याने रद्द झाल्या. शेतकऱ्यासाठी ती सुटका होती आणि ती व्हायलाच हवी होती. त्या व्यवस्थेच्या कडेला जगणारा बाजदार मात्र तिच्याबरोबर गेला. तिसरे कारण माळ. तणमोर आणि माळढोक ज्या गवतात राहत, ते नांगराखाली गेले. ज्यावर पक्षी सोडायचा ती शिकारच उरली नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा दख्खनमध्ये बंदी घालण्याजोगे फारसे शिल्लक नव्हते. या कायद्याने शिकारी पक्ष्यांना संरक्षण मिळाले, हे चांगलेच झाले. पापण्या शिवण्याचे दिवस परत यावेत असे कुणीही म्हणणार नाही.

युनेस्कोने २०१० मध्ये बाजदारीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातले. २०२१ पर्यंत त्या नोंदीत चोवीस देश सामील झाले, त्यांत अरब देश आहेत, मंगोलिया आहे, पाकिस्तान आहे, भारत नाही. ज्या देशाच्या शिकारखान्यांतून शाहीन, बेसरा आणि झग्गड हे शब्द जगभर गेले, त्याने निदान शब्दांचा तरी वारसा सांगायला हवा होता. त्यासाठी एकाही पक्ष्याला हात लावावा लागत नाही.

मराठीत आज यातले किती उरले आहे? बहिरी ससाणा, शिक्रा, बाज, बेसरा, तुरुमती ही नावे आपल्या पक्षिकोशांत आहेत. शाहीनला पुस्तकांनी शाही ससाणा केले. जुर्रा, कोहेला, चिप्पक, चेटवा, धोती ही नरांची नावे मात्र गेली, कारण मनगटावर पक्षी न घेणाऱ्याला नर-मादीची गरज पडत नाही. आजचा पक्षिनिरीक्षक दुर्बिणीतून बघताना ‘मादी आहे, आकाराने मोठी आहे’ असे लांबण लावतो. चिप्पक आणि शिकरा हे दोन शब्द पुन्हा वापरात आणले तर त्याची सोय होईल. परभणी-जालन्याकडच्या पक्षिमित्रांनी आपल्या याद्यांत ही नावे लिहायला सुरुवात केली, तर तो एक चांगला आरंभ ठरेल.

शिक्रा जिंतूरच्या गल्लीतल्या कडुनिंबावरही सहज दिसतो. त्याने माणसांच्या वस्तीशी जमवून घेतले आहे. लग्गड आणि तुरुमती या माळाच्या पक्ष्यांना ते जमलेले नाही. दोघांचीही नोंद आज जागतिक यादीत ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ अशी आहे. पाकिस्तानात तर लग्गडला अजून धरले जाते, आणि तेही शिकारीसाठी नव्हे: आखाती बाजारात मोठा भाव मिळणाऱ्या चरग आणि बहिरीला खाली ओढण्यासाठी त्याचा आमिष म्हणून वापर होतो.